मलकापुरास कशासाठीं?

मलकापूर या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. एक वऱ्हाडांतलें, बुलढाणा जिल्ह्यांत आगगाडीच्या हमरस्त्यावर असलेलें. दुसरें कऱ्हाडास अगदीं चिकटून वसलेलें. आणि तिसरें कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यांतलें, कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावरचें. गेल्या फाल्गुनांत आम्ही सहकुटुंब मलकापुरास जाणार असें आप्तेष्टांना कळलें, तेव्हां एकानें विचारलें, "भुसावळवरून जाणार काय?" दुसऱ्यानें विचारलें, "कोणाचें लग्न आहे?" आणि तिसऱ्या, अधिक चौकस गृहस्थांनीं विचारलें, "तेथें पाहण्यासारखें आहे तरी काय?" पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें सोपीं होतीं. तिसऱ्याच्या उत्तरासाठीं मात्र हा लेख लिहावा लागत आहे.

प्रवासास कोठें जावें हें ठरवितांना आपल्या कुटुंबांत कांहीं ठराविक गोष्टी पाहिल्या जातात. जागृत देवस्थान असावें, हवा थंड असावी, उतरण्याची सोय स्वच्छ असावी आणि परततांना शेजाऱ्यांना देण्याजोगी एखादी प्रसिद्ध वस्तु मिळावी. ज्याला पक्षी पाहण्याचा छंद जडला आहे, तो मनुष्य हीच यादी भलत्याच दृष्टीनें वाचतो. देवस्थानाच्या ख्यातीचें त्याला कांहीं नसतें. देवाच्या धाकानें सभोंवार राखलेली राई त्याला हवी असते. थंड हवा त्याला चालते, पण थंड हवेसाठीं जमलेली गर्दी चालत नाहीं. उलट गांवाबाहेरचा उकिरडा, मासळी वाळत घातलेला किनारा, सांडपाण्याचें डबकें, असल्या जागीं तो मोठ्या उत्साहानें जाऊन उभा राहतो, आणि बरोबरच्या मंडळींना नाकाला पदर लावून दूर उभें राहावें लागतें.

अशा माणसाला पुष्कळ पक्षी एके ठिकाणीं पाहावयाचे असले तर वाट दूरची नाहीं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणास हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नाशिक जिल्ह्यांतलें नांदूर मध्यमेश्वर हें तर महाराष्ट्रांतलें पहिलें रामसर स्थळ ठरलें. तेथें होडीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना पाहुण्यांची संवय आहे, आणि लहान मुलांस पहिल्या खेपेस नेण्याला याहून चांगल्या जागा नाहींत. परंतु छंद थोडा मुरला म्हणजे संख्येचें कौतुक ओसरतें. रोहित भिगवणास दिसतो, तसा कच्छांत दिसतो आणि आफ्रिकेंतही दिसतो. मग मन विचारूं लागतें, कीं जो येथें नाहीं पाहिला तर जगांत दुसरीकडे कोठेंही पाहतां येणार नाहीं, असा पक्षी कोणता?

या प्रश्नाला शास्त्रज्ञांनीं एक मोजमाप दिलें आहे. ज्या पक्ष्याच्या साऱ्या वस्तीचें क्षेत्र ५०,००० चौरस किलोमीटरांहून कमी, तो संकुचित वस्तीचा पक्षी समजावयाचा, आणि असे पक्षी जेथें एकत्र राहतात त्या प्रदेशांची गणना निराळी करावयाची. आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सादेखील या मापाहून थोडा मोठाच भरेल. अशा प्रदेशांत पश्चिम घाटाची गणना होते. मलबारी राखी धनेश, निळ्या पंखांचा पोपट, निलगिरी रानपारवा आणि अंगठ्याएवढा छोटा सूर्यपक्षी, हे या डोंगरांच्या रांगेबाहेर जगांत कोठेंही सांपडत नाहींत. इंग्लंड-अमेरिकेंतले लोक यांच्यासाठीं समुद्र ओलांडून येतात. आपण मात्र यांच्या अंगणांत जन्म काढूनही यांना ओळखत नाहीं, कारण आपल्या घरांत पाखराची ओळख होते ती बहुधा शकुनावरून. दसऱ्याला चाष दिसावा, घराबाहेर पडतांना भारद्वाज आडवा जावा आणि दहाव्याला कावळा शिवावा, एवढ्यावर आपलें पक्षिज्ञान संपतें.

परदेशांत या छंदानें काय काय रूपें घेतलीं आहेत हें वाचून मन चकित होतें. नोआ स्ट्रायकर या अमेरिकन तरुणानें २०१५ या एका वर्षांत जगभर फिरून ६,०४२ जातींचे पक्षी पाहिले. एका वर्षांतला पूर्वीचा उच्चांक त्यानें मोडला तो भारतांतच, केरळच्या रानांत, बेडूकतोंड्या नांवाचा निशाचर पक्षी पाहून. फीबी स्नेट्सिंगर या अमेरिकन बाईंची कथा अधिक गंभीर आहे. १९८१ सालीं त्यांस असाध्य कर्करोग झाल्याचें निदान झालें, तेव्हां हातपाय गाळून न बसतां त्या पक्षी पाहण्यास निघाल्या. नंतर त्या अठरा वर्षें जगल्या, आठ हजारांहून अधिक जाति पाहिल्या, आणि १९९९ सालीं मादागास्करांत पक्षी पाहण्याच्याच प्रवासांत मोटारीच्या अपघातांत गेल्या. स्ट्रायकरची धांव आम्हांस फारशी पटत नाहीं. ज्या पाखराकडे पाहावयाला दोन मिनिटेंही मिळत नाहींत, तें पाहिलें असें म्हणण्यापेक्षां मोजलें असें म्हणावें. या बाईंची गोष्ट मात्र मनांत घर करून राहिली. त्याला कारण आमच्याच घरांत होतें.

आमचे थोरले काका, ज्यांना लहानथोर सर्व तात्या म्हणतात, त्यांनीं आम्हां भावंडांस पक्षी दाखविले. दुर्बीण ही चैनीची वस्तु होती त्या काळीं ते केवळ आवाजावरून पाखरूं ओळखीत, आणि आम्ही डोळे फाडून फांद्या शोधीत असतां ते पाठ फिरवून नांव सांगत. साठ वर्षांच्या नोंदी त्यांच्या वह्यांत आहेत. आतां त्यांचें वय एकोणऐंशी आहे आणि गुडघे दुखतात, हें सर्वांस ठाऊक होतें. दुसरी गोष्ट आम्हांस उशिरां कळली. गेल्या दिवाळीच्या सुमारास एके सकाळीं ते खिडकींत चहा घेत बसले होते. म्हणाले, "हल्लीं सूर्यपक्षी पूर्वीसारखे येत नाहींत, नाहीं?" त्या वेळीं खिडकीच्या गजापासून हातभर अंतरावर, जास्वंदीमागें, सूर्यपक्ष्याची जोडी एकसारखी चिवचिवत होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं त्यांचा पेला उचलला आणि त्या आंत गेल्या.

म्हातारपणीं कान जातात ते एकदम जात नाहींत. प्रथम वरच्या पट्टींतले स्वर जातात. माणसाचें बोलणें ऐकूं येतें, म्हणून घरच्यांच्या ध्यानांतही येत नाहीं; पण सूर्यपक्षी, फुलटोचे, पर्णवटवटे, हें सारें बारीक आवाजाचें जग हळूच मिटतें. यंत्र लावून कांहीं परत येतें, सारें येत नाहीं. तेव्हां या खेपेस ठिकाण निवडतांना आम्हीं जी कसोटी लावली ती कोणत्याही पुस्तकांत नव्हती. जेथें पक्षी खर्जांत बोलतात, आणि जेथें ते चढ न चढतां रस्त्यावरून दिसतात, असें ठिकाण आम्हांस हवें होतें.

घरांत सभा भरली. धाकट्या पुतण्यानें मोबाईल पुढें केला. २००२ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ई-बर्ड या नोंदवहींत आतां जगांतले हौशी लोक आपापल्या नोंदी घालतात, आणि कोणत्या गांवीं कोणत्या महिन्यांत काय दिसलें हें घरबसल्या समजतें. त्याला तेथें मोठे आंकडे हवे होते. वहिनींनीं पहिला प्रश्न स्नानगृहाचा केला, आणि तो कोणी हंसण्यावारी नेऊं नये; पहांटे पांचला बाहेर पडून दुपारीं परतावयाचें असतें, तेव्हां या एका प्रश्नापायीं किती बायकांनीं हा छंद सोडला असेल हें पुरुषांना कधीं कळावयाचें नाहीं. राधानगरीचें नांव निघालें. १९५८ पासून गव्यांसाठीं राखलेलें तें रान उत्तमच, पण आंतल्या वाटांचे धक्के तात्यांना सोसले नसते. आंबोलीचेंही निघालें, परंतु तेथें सुटीच्या दिवशीं माणसांचाच आवाज फार. शेवटीं तात्याच म्हणाले, "मलकापुरास उतरूं आणि आंब्यापर्यंत जाऊं. रस्ता रानाच्या कडेनें जातो." आणि सभा संपली.

हें म्हणणें किती शहाणपणाचें होतें तें तेथें गेल्यावर कळलें. कोल्हापुराहून मलकापूर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर, आणि तेथून आंबा गांव आणखी वीस. आंब्यापुढें घाट कोंकणांत उतरतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग या कड्यावर आदळून बहुतेक भार तेथेंच टाकतात. म्हणून आंब्यास कोसळणारा पाऊस कोल्हापूर शहराच्या कित्येक पट असतो, आणि पूर्वेकडे यावें तसतसा तो भराभर उणा होत जातो. पाऊस बदलला कीं झाड बदलतें, आणि झाड बदललें कीं पाखरूं बदलतें. मलकापुराभोंवती ऊंस व भाताचीं खाचरें आहेत. जवळच कडवी नदीवर धरणाचें पाणी आहे. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. आणि टोकाला आंब्याचें सदाहरित रान. अनुभवी माणूस जागा निवडतो ती असल्या सांध्यांवर. नुसतें रान मोठें असून भागत नाहीं. रान, शेत, पाणी आणि माळ एकमेकांस जेथें भेटतात, तेथें चारही ठिकाणच्या पाहुण्यांची पंगत एकाच सकाळीं वाढलेली असते, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यासाठीं मोटारींतून फार वेळां उतरावें लागत नाहीं.

गांवाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. तालुक्याची कचेरी शाहूवाडीस, तरी बाजार मलकापूरचा. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडचा किल्ला इंग्रजांनीं मोडून टाकला, आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचें ठाणें गडावरून मलकापुरास आलें. १६६० सालीं शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून निसटून ज्या गडाकडे गेले आणि ज्याच्या वाटेवर बाजीप्रभु पडले, तो हाच विशाळगड. आमच्या मंडळींपैकीं ज्यांना पाखरांत गोडी नव्हती, त्यांनीं एक दिवस पावनखिंडीस दिला व ते कृतार्थ होऊन आले.

पहिली सकाळ शेतांत गेली. ऊंस तुटून गेलेल्या एका रानांत नांगरट चालली होती आणि ट्रॅक्टरच्या मागें बगळे, साळुंक्या, कोतवाल अशी वरात निघाली होती. विजेच्या तारेवर चाष बसला होता; दसरा पांच महिन्यांमागें झाला असूनही तीर्थरूप मावशींनीं त्याला हात जोडले. टिटवी ओरडली तेव्हां तात्यांनीं मान वळविली. कोकिळ ऐकला, भारद्वाजाचा घुमारा ऐकला, मोठ्या तांबटाचें न संपणारें 'कुटरू कुटरू' ऐकलें. आम्ही त्यांच्याकडे चोरून पाहत होतों, आणि आम्ही पाहतों आहों हें त्यांना कळत होतें. धरणाच्या पाण्यावर बदकांची एक जोडी होती. काळी चोंच, टोंकाला पिवळा रंग, मुळाशीं तांबडा ठिपका. या बदकाला मराठींत हळदीकुंकू म्हणतात असें सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "हें नांव पुरुषानें ठेवलेलें नव्हे." बारीक आवाजाचीं पाखरेंही झुडपांत होतींच. पुतण्या त्यांचीं नांवें मोठ्यानें सांगूं लागला, तेव्हां त्याच्या आईनें त्याला डोळ्यांनीं दटावलें. तात्या म्हणाले, "सांगूं दे. मीं ऐकलीं आहेत तीं पूर्वीं."

दुसऱ्या दिवशीं पहांटे आंब्यास निघालों. वाटेंत रस्ता रुंद करण्याचें काम झालें होतें, आणि तात्यांच्या वहींत ज्यांचीं नांवनिशीवार टिपणें आहेत अशा जुन्या झाडांपैकीं कांहीं जागेवर नव्हतीं. वरच्या सड्यांखालीं बॉक्साइट आहे, आणि या तालुक्यांत त्यासाठीं डोंगर खणले गेले आहेत. रस्ता आणि खाण कोणाला नको आहे असें नाहीं. पण पाखरासाठीं जागा निवडणारा मनुष्य झाडाचें वय पाहतो, तें कां, हें त्याच दिवशीं आम्हांस नीट कळावयाचें होतें.

आंब्यास अंबेश्वराची राई आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर यांच्या गर्दींत ऊन जमिनीवर नाण्याएवढें पडतें. तेथल्याच एका शेतकऱ्याचा मुलगा आमचा वाटाड्या होता. या कामांत वाटाड्यासारखी दुसरी सोय नाहीं. उत्तम दुर्बीण आणि उत्तम पुस्तक यांच्यापेक्षां, कालच्या दिवशीं कोणतें उंबर पिकलें हें जाणणारा माणूस अधिक मोलाचा. पुतण्याच्या मनांत बेडूकतोंड्या भरला होता. त्याच्या मोबाईलमध्यें त्या पक्ष्याचा आवाज होता, आणि तो वाजवून पक्ष्याला जवळ बोलवावें असें त्याला वाटे. तात्यांनीं त्याचा हात धरला. विणीच्या दिवसांत असा आवाज ऐकला कीं पाखराला वाटतें, दुसरा कोणी आपल्या जागेंत शिरला. तें अंडीं सोडून भांडावयास धांवतें, आणि भांडण करावयाला समोर कोणी नसतें. पुतण्यानें मोबाईल खिशांत घातला, पण तोंड आंबट करून.

मग वाटाड्या हळूच म्हणाला, "गरुड बघायचाय का? ढोली हाय. रस्त्यापासनं धा मिंटं खाली."

त्या भागांत धनेशाला गरुड म्हणतात. हा धनेश म्हणजे त्यांतला सर्वांत मोठा, पिवळ्या बांकदार चोंचीवर शिरस्त्राण चढविलेला महाधनेश. २०१८ पासून जगांतल्या संकटग्रस्त जातींत याची गणना होते. याचा संसार विलक्षण आहे. फार जुन्या, फार जाड झाडाच्या ढोलींत मादी शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा यांच्या लिंपणानें दार आंतून बंद करून घेते. राहते ती चोंचीपुरती फट. तीन-चार महिने ती तेथेंच असते, आंत तिचीं पिसें झडून नवीं येतात, पिलूं वाढतें, आणि या साऱ्या काळांत नर उंबर, जांभूळ, रानफळें गळ्यांत भरभरून आणतो व फटींतून एक एक देतो. तो आला नाहीं तर आंतलीं उपाशीं. अशी ढोली होण्याला झाडाला शेंसव्वाशें वर्षें वाढावें लागतें, आणि तें पाडावयाला एक दुपार पुरते.

आमचे पाय तत्काळ तिकडे वळले. खरें सांगावयाचें तर, तात्यांना खालीं कसें न्यावें याचा विचारही आम्हीं मनांत पुरा करून टाकला होता. एकानें पुढें, एकानें मागें, आणि काठी. ते पुन्हां येथें येतील असें आमच्यापैकीं कोणासही वाटत नव्हतें. तात्यांनीं वाटाड्याला विचारलें, "आम्ही आठ माणसें तिथें उभीं राहिलों, तर नर येईल काय?"

तो जरा घुटमळला. त्याची त्या दिवसाची कमाई या उत्तरावर होती. मग म्हणाला, "खरं सांगू का तात्या? न्हाई यायचा. मागं कॅमेरंवालं आलं हुतं. त्यो लांब फांदीवर चोचीत फळ घिऊन बसला, दोन तास. ती आत वाट बघत्या."

तात्या कांहीं बोलले नाहींत. रस्त्याच्या कडेला कठडा होता, त्यावर त्यांनीं रुमाल पसरला आणि ते बसले. म्हणून आम्हीही बसलों. तें झाड कोठें आहे हें आम्ही येथें लिहिणार नाहीं, आणि वाचकांपैकीं कोणीं पत्र घालून विचारलें तरी कळविणार नाहीं. वाटाड्याला ठरल्याहून अधिक पैसे दिले. त्यानें ते घेतांना मान खालीं घातली. दीड तास गेला. मुलें कंटाळलीं. दशम्या सोडल्या, लोणचें काढलें. रानांत बारीक आवाजांची नुसती खळबळ चालली होती आणि तात्या त्या सगळ्यांत स्वस्थ बसले होते.

आम्हीं कोणीं कांहीं ऐकण्यापूर्वीं तात्यांनीं मान वर केली. "आला," ते म्हणाले. आम्हांस कांहीं दिसेना. मग दरींतून आवाज येऊं लागला, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा, दमदार, एक एक श्वास सोडावा तसा. महाधनेशाच्या पंखांतून वारा जातांना हा आवाज होतो, तो फार लांबवर पोहोंचतो, आणि तो खालच्या पट्टींतला असतो. झाडांच्या शेंड्यांवरून तो मोठा काळा-पांढरा पक्षी आमच्या डोक्यांवरून गेला, गळा फळांनीं फुगलेला, आणि खालच्या रानांत ज्या दिशेनें आम्ही गेलों नव्हतों त्या दिशेला उतरला. मुलांनीं टाळ्या वाजविण्यासाठीं हात उचलले आणि तसेच थांबविले.

त्या रात्रीं मलकापुरास तात्यांनीं वही काढली. त्यांच्या वहींत पाहिलेल्या व ऐकलेल्या पक्ष्यांसाठीं दोन निरनिराळे रकाने असतात. गेल्या दोन वर्षांत दुसरा रकाना बहुतेक कोरा होता, हें आम्हीं त्याच दिवशीं प्रथम पाहिलें. त्यांनीं तिथि लिहिली, गांव लिहिलें, आणि महाधनेशाची नोंद दुसऱ्या रकान्यांत आधीं केली, पहिल्यांत मागाहून.

नंतर दिवा मालवण्यापूर्वीं त्यांनीं वाटाड्याचा नंबर मागितला. शीळकरी कस्तुर पावसाळ्यांत पहांटे शीळ घालतो, आणि ती शीळ माणसाच्या शिळेसारखी, फार वरची नव्हे, असें त्यांचें म्हणणें आहे. आषाढांत आंब्याच्या बाजूला दाट धुकें असतें काय, रस्ता चालू असतो काय, आणि कठड्यापाशीं छत्री धरून बसतां येईल काय, हें त्यांना विचारावयाचें होतें. वहिनींनीं स्नानगृहांतलें पाणी तेव्हांही गरम मिळेल काय तेंही विचारावयास सांगितलें आहे.